मुक्या माराचं मलम

विजया गर्गेच्या घरी कुणी पडलं, आपटलं, की औषधांच्या डब्याआधी फ्रिज उघडला जायचा. फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी, कोल्ड क्रीमची एक जुनी डबी असायची आणि तिच्यात हिरवट पिवळं लोणी. कुवेतमधल्या अबू हलीफाच्या त्या बिल्डिंगमधली समस्त मराठी पोरं त्या डबीला टरकून असायची, कारण वास असा की एकदा लावलं की दोन दिवस कुणी शेजारी बसत नसे. विजयाचा नवरा रविकांत पेट्रोकेमिकलमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनियर होता. तो म्हणायचा, "अगं, हे गुडघ्याला लावायचं की पावाला?" विजया लक्ष द्यायची नाही. तिच्या मते ते हजार वर्षं जुनं औषध होतं, आणि हजार वर्षं जे टिकलं त्याची रविकांतनं थट्टा केल्यानं काही बिघडत नव्हतं.

आता नाशिकच्या पंचवटीत वाढलेल्या मुलीला हे वेड कुठून लागलं, ते विचारू नका. रविकांतनं विचारलं होतं, पाहायला गेला तेव्हा. "तुमचा विषय काय?" एवढंच. ती इंग्रजीची एम. ए. झाली होती आणि पुण्यात पीएच. डी.ला नाव नोंदवलं होतं. विषय काय, तर मध्ययुगीन इंग्लंडमधल्या औषधी वनस्पतींची नावं. पोहे गार झाले तरी ती बोलतच राहिली. रविकांतची विकेट पडली ती तिथेच.

तिनं त्याला डेझीचं सांगितलं होतं. तिकडे गवतात पायाखाली येणारं एवढंसं पांढरं फूल. ऊन आलं की उघडतं, संध्याकाळी पाकळ्या मिटून घेतं. म्हणून जुन्या लोकांनी त्याला नाव दिलं, दिवसाचा डोळा. त्यांच्या भाषेत डे'ज आय, आणि पुढे बोलता बोलता झालं डेझी. "पण गंमत पुढेच आहे," ती म्हणाली होती. "त्याला आणखी एक नाव होतं, ब्रूझवर्ट. मुक्या माराचं झाड. कुणाला मार लागून काळंनिळं पडलं, की ही पानं-फुलं ठेचायची, बिनमिठाच्या लोण्यात शिजवायची आणि वरून लावायची. कुणी म्हणे, मोडलेलं हाडही सांधतं. राजाला राजवैद्य होता हो. शेतात राबणाऱ्या बाईला कोण होतं? हे फूल होतं." असं ती सांगत होती तेव्हा रविकांत तिच्या डोळ्यांकडे बघत होता. पुढे बायकोच्या तोंडून तेच तो शंभरदा ऐकणार होता, पण पहिल्यांदा ऐकलं ते तो जन्मभर विसरला नाही.

युद्ध संपल्यावर कुवेतमधले कारखाने पुन्हा उभे राहायला लागले, तेव्हा ब्याण्णव साली रविकांत तिकडे गेला. मागोमाग सहा वर्षांच्या नीरजाला घेऊन विजया. तिचा प्रबंध अर्धा झाला होता. पण मार्गदर्शक निवृत्त झाले, कुवेतमध्ये त्या विषयाचं ग्रंथालय नाही, घरात पोर लहान. कागदांचा गठ्ठा कपाटाच्या वरच्या खणात गेला आणि विजया फहाहीलच्या एका भारतीय शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवायला लागली. तिला त्याचं वाईट वाटलं का? वाटलंच असणार. पण रविकांतनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काही नाही हो, ठीक आहे." आणि त्यानंही ते ठीक धरलं.

"काही नाही, ठीक आहे." हे त्या घराचं ब्रीदवाक्य म्हणा ना. आणि त्यांच्याच कशाला, आखातात राहणाऱ्या आपल्या सगळ्याच लोकांचं. फोनवर बोलायचं ते फक्त बरं. नाशिकला विजयाचे वडील जिन्यावरून पडून कंबर मोडून घेतात, आणि ते मुलीला कळतं केव्हा, तर ते काठी घेऊन चालायला लागल्यावर. इकडे रविकांतची नोकरी जाते की राहते अशी महिनाभर टांगती तलवार, पण तिकडे फोनवर "मजेत आहोत, काल श्रीखंड केलं." समुद्रापलीकडच्या माणसाला काळजी देऊन करायचं काय, तो थोडाच धावत येणार आहे, असं प्रत्येकाचं म्हणणं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. मला मात्र या शहाणपणाचा मनस्वी राग येतो, आणि का येतो ते पुढे कळेलच.

पहिल्याच हिवाळ्यात चांगला पाऊस झाला आणि फेब्रुवारी-मार्चात वाळवंट पिवळं झालं. गाडीतून जाताना विजयाला ते दिसलं मात्र, तिनं रविकांतचा हातच धरला. "थांबवा, थांबवा. डेझीच्या कुळातलं आहे हे." रविकांतनं गाडी थांबवली नाही. रस्त्याच्या कडेला कवटीचं चित्र असलेल्या पाट्या होत्या. इराकी सैन्य गेलं होतं, पण वाळूत पेरलेले सुरुंग तिथेच होते आणि डांबर सोडून पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. काचेला कपाळ टेकून विजया बघत राहिली. "एवढं फुललंय आणि हात लावता येत नाही," ती म्हणाली. पुढची काही वर्षं दर वसंतात ती तशीच काचेतून बघायची.

मग तो भाग साफ झाला, कुवेती कुटुंबांचे सहलीचे तंबू पुन्हा लागले, आणि रविकांतनं एका शुक्रवारी मायलेकींना तिथे नेलं. शेजारच्या तंबूतल्या एका म्हातारीनं विजयाला फुलाचं नाव सांगितलं, नुवैर. वर चहाही पाजला. "खरी डेझी पांढरी असते," विजया नीरजाला सांगत होती, "ही तिची इकडची चुलत बहीण." ओढणीत फुलं घेऊन घरी आली आणि त्याच दिवशी बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, बिनमिठाचं लोणी आणून तिनं पहिलं मलम शिजवलं. त्यानं कधी कुणाला गुण आला का, देव जाणे. पण प्रबंध राहिला त्या बाईचं एवढं एक प्रकरण तरी पुरं झालं, असं रविकांतला वाटलं आणि तो वासाबद्दल त्या दिवशी काही बोलला नाही.

नीरजा पक्की उनाड. स्केट्सवरून पडायची, सायकलवरून पडायची. "आई, प्लीज, नॉट दॅट थिंग," असं ओरडत घरभर पळायची. विजया तिला पकडून मांडीवर पाय घ्यायची आणि निळ्या डागाच्या कडेनं सुरुवात करून आत आत, गोल गोल बोट फिरवत मलम लावायची. लावता लावता विचारायची, "दुखतंय?" पोर म्हणायची, "काही नाही." म्हणजे तेवढं मराठी मात्र ती आईकडून अगदी अचूक शिकली होती.

कुवेतमधल्या आपल्या आयांना बारावीची धास्ती असते ती मार्कांसाठी नव्हे. बारावी झाली की पोरं जातात. पुढचं शिक्षण तिथे नाही, त्यामुळे अठराव्या वर्षी पुणं नाहीतर मुंबई, होस्टेल, आणि मग ती पाहुण्यासारखी येणार. नीरजा बारावीत होती तेव्हाची गोष्ट. विजया तिच्यासाठी दूध घेऊन आली आणि टेबलाशी उभी राहून म्हणाली, "जुन्या लोकांची एक समजूत होती, ठाऊक आहे का? कुत्र्याच्या पिल्लाला दुधातून डेझीचा रस दिला की ते मोठं होत नाही, एवढंसंच राहतं. घालू का यात थोडा?" नीरजा हसली. रविकांतही हसला. विजया हसत हसत स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात नीरजाचं इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष संपलं. ती कुवेतला आली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत पुण्याला निघाली तेव्हा विजयानं मलमाची एक डबी बळेच तिच्या सॅकमध्ये कोंबली. "आई, होस्टेलमध्ये फ्रिज नाहीये." "असू दे. वास आला की मी आठवेन." रविकांतनं सवयीनं पासपोर्ट तपासला आणि बजावलं, "सहा महिन्यांच्या आत एक चक्कर, लक्षात आहे ना?" कारण नियमच तसा होता. मुलांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, बापाच्या नावावर असतो आणि सलग सहा महिने बाहेर राहिलं की तो आपोआप रद्द होतो. शिकणाऱ्यांना सूट मिळते, पण तिचा अर्ज मुदतीआधी करावा लागतो. त्यामुळे कुवेतमधले सगळे बाप पोरांच्या परीक्षांपेक्षा ही तारीख डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. रविकांत तर कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवणारा माणूस.

दिवाळीच्या सुमारास विजयाच्या दंडावर निळे डाग पडायला लागले. बाकाला लागलं असेल, ती म्हणाली. मग मनगटावर, मग पोटरीवर. आणि ती काय करत होती, तर रोज आंघोळ झाली की तेच मलम लावत होती. लोक म्हणतील, शिकलेली बाई आणि हा वेडेपणा. पण जिनं आयुष्याची सगळी हौस एका फुलात घातली, तिला त्या फुलावर थोडा विश्वास ठेवावासा वाटला तर तिला हसायचं कुणी? लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले, झालं. रविकांतनं विचारलं, तर "काही नाही हो."

शाळेत जीवशास्त्र शिकवणारी सफिया रत्नागिरीची. फळा पुसताना विजयाची बाही वर सरकली आणि सफियानं तिचा हात धरला. "विजयाताई, हे आपटून झालेलं नाही. चला माझ्याबरोबर." ऐकलंच नाही तिनं, अर्ध्या शाळेतून उठवून दवाखान्यात नेलं. डिसेंबर उजाडता उजाडता निदान झालं, रक्ताचा कॅन्सर. रविकांतला डॉक्टर काय म्हणाले ते धड आठवत नाही. एवढंच आठवतं की विजयानं त्याच्या हातातली फाईल काढून घेतली आणि म्हणाली, "नीरूला सांगायचं नाही."

नीरजाचा पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर राहिला होता आणि तो डिसेंबरच्या अखेरीला होता. तिचा फोन आला तेव्हा विजया इस्पितळात होती, हाताला सुई, उशाशी यंत्र. रविकांतनं मोबाइल तिच्या कानाला धरला.

"आई, पेपर राहू दे का? मेमध्ये देईन. आय जस्ट फील लाइक कमिंग होम."

"काहीतरीच काय. अभ्यास कर गप्प."

"ते टिकटिक कसलं वाजतंय?"

"मायक्रोवेव्ह. बाबांचं जेवण गरम करतेय. ठेवते हं, उतू जाईल काहीतरी."

फोन ठेवला आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली. रविकांत म्हणाला, "विजू, सांगू या तिला." "परीक्षा होऊ दे." परीक्षा झाली. मग जानेवारीत विजयाचे केस गेले. "या डोक्यानं भेटू पोरीला? मेपर्यंत येतील केस. मेमध्ये बोलवा." रविकांतनं मान हलवली. त्याला पटलं होतं असं नाही, पण वाद घालायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. प्लांट, इस्पितळ, घर, पुन्हा इस्पितळ. नीरजाला भारतातच राहायला सांगताना दोघांपैकी एकाच्याही मनात इकाम्याचा विचार आला नाही. घरातलं कॅलेंडर डिसेंबरवरच राहिलं होतं. ते उलटायलाही कुणी घरी नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात औषध लागू पडत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. विमानप्रवास झेपणार नाही, हेही सांगितलं. विजयानं सगळं शांतपणे ऐकलं आणि डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "अहो, नीरूला बोलवा. माझं चुकलं. मला तिला बघायचंय."

रविकांत तसाच उठला, घरी आला, तिकिटासाठी नीरजाच्या कागदांची फाईल काढली. परवान्याची प्रत हातात घेतली आणि त्याला ऑगस्ट आठवला. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. मुदत उलटून तीन आठवडे झाले होते.

कंपनीचा मंदूब, सरकारी कचेऱ्यांत खेपा घालणारा हुसेन, भला माणूस. फोनवर त्याचाही आवाज पडला. "सर, इकामा तो खलास. अब विझिट व्हिसा निकालना पडेगा. लेकिन कल से नॅशनल डे की छुट्टी है, सब दफ्तर बंद." रविकांत म्हणाला, "हुसेनभाई, उसकी माँ..." "मैं समझता हूँ सर. दफ्तर खुलते ही पहला कागज आपका होगा," हुसेन म्हणाला.

मग रविकांतनं नीरजाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी आत्ता निघते. मुंबईला जाते, मिळेल त्या फ्लाइटनं येते."

"नीरू, तुला येता येणार नाही."

"म्हणजे?"

त्यानं तेही सांगितलं. इस्पितळात परतून विजयाच्या कानाला फोन धरला तेव्हा दोघी काय बोलल्या ते त्यानं ऐकलं नाही, तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा विजया म्हणाली, "तिकडे कुठं खरचटलं-बिरचटलं तर डबी आहे म्हणाली. अजून उघडली नाहीये म्हणे." आणि थोडं हसली.

बाहेर रस्त्यांवर झेंडे, हॉर्न, पाण्याच्या पिचकाऱ्या. त्या गर्दीतून वाट काढत दुसऱ्या दिवशी रविकांत वाळवंटात गेला आणि हाताला येईल तेवढं नुवैर घेऊन आला. इस्पितळाच्या ग्लासात ठेवलं. संध्याकाळी फुलं मिटली. "बघा," विजया म्हणाली, "शहाणी आहेत. उद्या उघडतील. व्हिसाचं उद्या होईल का हो?" तो म्हणाला, "होईल." आणखी एक सुट्टी बाकी होती, हे त्यानं तिला सांगितलं नाही.

कचेऱ्या उघडल्या त्या सकाळी हुसेन कुलूप निघायच्या आधी दारात उभा होता. दुपारी व्हिसा हातात पडल्याचा त्याचा फोन आला तेव्हा रविकांत विजयाच्या पलंगाशी बसला होता. ती गेल्याला अर्धा तास झाला होता. खिडकीत ऊन होतं आणि ग्लासातली फुलं टक्क उघडी होती. रविकांतनं फोन कानाशी धरून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शुक्रिया हुसेनभाई."

अंत्यसंस्कार नाशिकलाच व्हायचे होते. मुंबई विमानतळावर पेटी ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना रविकांतची बोटं खाली सापडली. त्यानं हात मागे घेतला आणि खिशात घातला. "लागलं का साहेब?" ड्रायव्हरनं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. नीरजा नाशिकला आजोळच्या दारातच उभी होती.

पेटी उघडली. बायका रडायला लागल्या. नीरजा रडली नाही. ती आईच्या शेजारी बसली आणि तिनं चादर जरा बाजूला केली. मनगटापासून कोपरापर्यंत निळेच डाग.

"हे केव्हापासून, बाबा?"

जिभेवर उत्तर तयार होतं. अगदी अचानक गं, काही कळलंच नाही. इतक्या वर्षांची सवय. पण रविकांतला ते बोलवलं नाही.

"दिवाळीपासून," तो म्हणाला.

"डिसेंबरमध्ये मी येते म्हणाले होते."

"हो."

"ते मायक्रोवेव्ह नव्हतं."

"नव्हतं."

नीरजानं सॅक ओढून घेतली आणि डबी काढली. लोणी केव्हाच खवट झालं होतं. वास खोलीभर पसरला. एक मावशी पुढे होऊन काही बोलणार होती, तिला कुणीतरी मागे ओढलं. नीरजानं बोटावर मलम घेतलं आणि डागाच्या कडेनं सुरुवात करून आत आत, गोल गोल, आईच्या हाताला लावलं. एक झाला की दुसरा. घाई केली नाही. दोन्ही हात झाले तेव्हा तिनं वर पाहिलं.

"तुमच्या खिशात काय आहे, बाबा? आल्यापासून हात बाहेर काढला नाहीये तुम्ही."

"काही नाही."

"काही नाही म्हणू नका."

रविकांतनं हात बाहेर काढला. दोन बोटं सुजून काळीनिळी पडली होती. नीरजानं तो हात मांडीवर घेतला, डबीत उरलंसुरलं होतं ते बोटानं खरवडून काढलं आणि लावायला लागली.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

रविकांतनं विजयाकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला, "फार दुखतंय."